न्हाणीघरातील करमणूक : रोमच्या स्नानगृहापासून वॉटरप्रूफ फोनपर्यंत

१/
शॉवरलगतच्या कप्प्यात फोन ठेवायचा, गाणी किंवा क्रिकेटचे समालोचन लावायचे आणि मग आंघोळीला सुरुवात करायची, ही सवय आजच्या पिढीची मानली जाते. वडीलधारी मंडळी तिच्याकडे नव्या काळाचा अतिरेक म्हणून पाहतात. फोन नवा आहे हे खरे. पण स्नान करताना मन कशात तरी गुंतवून ठेवण्याची माणसाची धडपड किमान दोन हजार वर्षांची आहे. त्या धडपडीचा हा मागोवा. वाटेत रोम, एदो, मुंबई-पुणे आणि टोकियो अशी ठिकाणे लागतील.

२/
आरंभ रोमपासून. इ. स. पूर्व ३५ च्या सुमारास कवी होरेसने आपल्या उपहासकाव्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो अशा कवींची थट्टा करतो, जे भर चौकात आणि स्नानगृहात आपल्या रचना मोठ्याने म्हणून दाखवतात. स्नानगृहच का, याचे कारणही तो देतो : बंदिस्त जागेत आवाज गोड घुमतो. आज ध्वनिशास्त्र हेच सांगते. दगड, चुना किंवा फरशी यांच्या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागांवरून ध्वनी फारसा शोषला न जाता परततो, त्यामुळे स्वर लांबतो आणि भरदार वाटतो. ‘बाथरूम सिंगर’ हा शब्द आपल्याकडे फार नंतर रूढ झाला. ज्याला तो लावावा असा माणूस ऑगस्टसच्या काळाआधीपासून रोममध्ये वावरत होता.

३/
नीरोच्या काळातील लेखक पेट्रोनियस याच्या ‘सॅटिरिकॉन’ या कथेत असे दोन गायक-कवी भेटतात. पहिला ट्रिमाल्किओ, गुलामगिरीतून मुक्त होऊन गडगंज झालेला यजमान. स्नानगृहातील घुमणारा आवाज ऐकून त्याला स्फुरण चढते आणि तो छताकडे तोंड करून एका नामांकित संगीतकाराच्या गीतांची दैना उडवतो. दुसरा युमोल्पस नावाचा कवी. तो स्नानगृहात काव्यवाचन करू लागतो आणि मार खाता खाता वाचतो. कथा काल्पनिक आहे, परंतु वाचक हसावेत म्हणून लेखकाने निवडलेला प्रसंग वाचकांच्या अनुभवातलाच असणार.

४/
इ. स. च्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात मार्शल या कवीने लिगुरिनस नावाच्या एका उत्साही कवीवर बोचरी कविता लिहिली. हा गृहस्थ माणूस दिसला की कविता ऐकवतो. उभ्याला ऐकवतो, बसलेल्याला ऐकवतो, शौचालयातही पिच्छा सोडत नाही. त्याला चुकवावे म्हणून स्नानगृहात पळून जावे तर तेथेही त्याचा आवाज कानाशी गुणगुणतच असतो, आणि तलावात उतरल्यावर धड पोहूही देत नाही. स्वतःची करमणूक आणि दुसऱ्याचा उपद्रव यांतील सीमारेषा किती पुसट असते, याची ही जुनी नोंद.

५/
या उपद्रवाचे सर्वांत सविस्तर वर्णन मात्र तत्त्वज्ञ सेनेका करतो. इ. स. ६२ ते ६५ या काळात त्याने ल्युसिलियस या मित्राला लिहिलेल्या पत्रांपैकी ५६ वे पत्र या विषयाचे आहे. सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या अगदी वर मुक्कामाला असतो. खालून व्यायाम करणाऱ्यांचे कण्हणे येते, मालिश करणाऱ्याच्या हाताचे चापट आवाज येतात, चेंडू खेळणारा मोठ्याने गुण मोजतो. पाण्यात धाडकन उड्या मारणारे असतात. स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन गाणारा असतो. अंगावरचे केस उपटून देणारा कारागीर चिरक्या आवाजात गिऱ्हाईक बोलावतो आणि गिऱ्हाईक मिळाले की स्वतः गप्प होऊन त्याला ओरडायला लावतो. वर सॉसेज आणि मिठाई विकणारे फेरीवाले.

६/
एवढ्या गलक्यात लिहिता येते का? सेनेकाचे पहिले उत्तर ठाम आहे : मन शांत असेल तर बाहेरचा आवाज बाधत नाही, खरा गोंगाट आतल्या वासनांचा आणि भीतीचा. उपदेश उत्तम आहे. पण पत्राच्या शेवटी तो मोकळेपणाने कबूल करतो की आवाजापासून दूर जाणे अधिक सोपे आहे आणि तो मुक्काम हलवणार आहे. स्वतःची परीक्षा घ्यायची होती, ती झाली. शेजारच्या फ्लॅटमधील बाथरूममधून रोज सकाळी तेच गाणे ऐकणाऱ्या कोणालाही हे पत्र आपलेसे वाटावे.

७/
आतापर्यंतचे रोमन स्वतः गाणारे होते. ‘दुसऱ्याने वाचावे आणि आपण ऐकावे’ ही सोय वापरणारा माणूस म्हणजे थोरला प्लिनी, ३७ खंडांच्या ‘नॅचरल हिस्टरी’चा कर्ता. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या दिनक्रमाचे वर्णन त्याच्या भाच्याने एका पत्रात केले आहे. जेवताना वाचन, उन्हात पहुडताना वाचन, प्रवासात शेजारी लेखनिक. थंडीमुळे लेखनात खंड पडू नये म्हणून लेखनिकाच्या हातांत हातमोजे. भाचा पायी चालताना दिसला तेव्हा मामाने त्याला सुनावले, की पालखीत बसला असतास तर एवढा वेळ वाया गेला नसता.

८/
स्नानाचे काय? अंग घासून पुसले जात असताना प्लिनी काहीतरी वाचून घेई किंवा मजकूर सांगे. म्हणजे आज ज्याला आपण बाथरूममध्ये ऑडिओबुक किंवा पॉडकास्ट ऐकणे म्हणतो, ते तो पहिल्या शतकात करत होता. एकदा वाचणाऱ्याने एका शब्दाचा उच्चार चुकवला म्हणून मित्राने त्याला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. प्लिनीने विचारले, अर्थ कळला होता ना? मग थांबवलेस कशाला? दहा ओळी गेल्या! हल्ली दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकणाऱ्यांचा हा मूळ पुरुष म्हणावा.

९/
येथे एक प्रश्न थांबून विचारायला हवा. प्लिनीचा ‘फोन’ कोण होता? रोममधील श्रीमंत घरांत वाचून दाखवणारे हे बहुधा गुलाम किंवा मुक्त केलेले गुलाम असत. धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात अशा एका वाचकाचे नाव टिकले आहे : एन्कोल्पियस. प्रवासातील धुळीने त्याचा घसा बिघडला आणि त्याच्या तोंडातून रक्त पडले. धाकटा प्लिनी हळहळतो, आणि त्या हळहळीतच विचारतो की आता माझी पुस्तके इतक्या आवडीने कोण वाचणार? ही माया खोटी म्हणता येत नाही. परंतु मालकाच्या रिकाम्या क्षणांना आवाज पुरवण्यासाठी एक माणूस आयुष्यभर आपला घसा झिजवत होता, हेही त्याच ओळींतून दिसते. करमणुकीच्या साधनांचा इतिहास लिहिताना साधन झालेली माणसे सहज विसरली जातात.

१०/
आता काळ आणि प्रदेश बदलू. एदो, म्हणजे आजचे टोकियो. या लाकडी घरांच्या शहरात आगीची भीती कायमची. घरोघरी न्हाणीघर पेटवणे धोक्याचे आणि सरपणाच्या दृष्टीने महागही. म्हणून सामान्य माणूस ‘सेन्तो’ नावाच्या सार्वजनिक स्नानगृहात जाई. पुरुषांच्या भागात वरच्या मजल्यावर बैठक असे. आंघोळ झाल्यावर तेथे चहा प्यायचा, गो किंवा शोगीचा पट मांडायचा, गप्पा छाटायच्या. आपल्याकडील पारावर जे होई ते तेथे न्हाणीच्या माडीवर होई.

११/
शिकितेई सान्बा या विनोदी लेखकाने १८०९ ते १८१३ या काळात ‘उकियोबुरो’ हे पुस्तक चार भागांत प्रसिद्ध केले. त्याला कथानक असे नाही. स्नानगृहात येणारी-जाणारी माणसे आणि त्यांचे संवाद, एवढेच त्यात आहे : म्हातारे, पोरे, सुना, सासवा, परप्रांतीय, पंडित. गरम पाण्याच्या हौदाकडे जाण्यासाठी वाफ कोंडून ठेवणाऱ्या बुटक्या दारातून वाकून शिरावे लागे. आत अंधार आणि वाफ इतकी, की शिरणारा माणूस आवाज देऊन आपण आल्याची वर्दी देई. दिसत काही नाही, ऐकू सर्व येते. एदोच्या स्नानाची करमणूक म्हणजे शेजारचा माणूस.

१२/
महाराष्ट्रातील परंपरागत स्नानही एकांताचे नव्हते. नदीचा घाट, विहिरीचा काठ, परसातील न्हाणी, वाड्यातील तांब्याचा बंब आणि घंगाळे. या सर्व ठिकाणी आसपास माणसे असत. अंगावर पाणी घेताना नद्यांची नावे घेण्याची, स्तोत्रे म्हणण्याची प्रथा होती. तिचा हेतू धार्मिक. पण थंडीच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर ओतताना मोठ्याने म्हटलेल्या स्तोत्राचा दुसरा उपयोग काय, हे कुडकुडणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तर तेल-उटणे लावणारे हात दुसऱ्याचे असत. बादली आणि तांब्याच्या आंघोळीत दोन्ही हात गुंतलेले राहतात. म्हणून आपल्याकडे न्हाणीतील करमणूक आली ती कानाच्या आणि गळ्याच्या वाटेने.

१३/
२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि या करमणुकीला नवा आवाज मिळाला. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र आले, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. रेडिओ बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवलेला; आंघोळीला जाणारा जाता जाता आवाज वाढवून जाई. भक्तिसंगीत, प्रादेशिक बातम्या, मग गाणी. कोणता कार्यक्रम चालू आहे यावरून साबण लावायला किती वेळ उरला हे कळे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवरील कीर्तन ऐकत केलेले अभ्यंगस्नान ही मराठी घरांतील दोन-तीन पिढ्यांची सामाईक आठवण आहे. आवाज न्हाणीघरात पोहोचत होता; यंत्र अजून उंबऱ्याबाहेर होते.

१४/
त्याला कारण होते. व्हॉल्व्हचा रेडिओ घरच्या विजेवर चाले. ओल्या त्वचेचा विद्युतरोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून पाणी आणि घरची वीज यांचा संबंध जीवघेणा. ही अडचण ट्रान्झिस्टरने दूर केली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-१’ हा बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ ठरला आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये सोनीने आपला संच आणला. थोड्या व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा हा डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवता येई. यंत्राने न्हाणीघराचा उंबरा ओलांडला तो असा.

१५/
१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीस आला. आता संगीत एकट्याच्या कानापुरते झाले. १९८३ मध्ये सोनीने पिवळ्या रंगाचा ‘स्पोर्ट्स वॉकमन’ काढला; त्याच्या झाकणाभोवती पाण्याचे शिंतोडे अडवणारी व्यवस्था होती. तो पाऊस, घाम आणि समुद्रकिनारा यांसाठी होता. पण विजेवर चालणाऱ्या नाजूक यंत्राने पाण्याला घाबरलेच पाहिजे असे नाही, ही कल्पना सामान्य गिऱ्हाइकाच्या मनात रुजवणाऱ्या वस्तूंमध्ये त्याची गणना करावी लागेल.

१६/
फोन न्हाणीघरात सर्वांत आधी स्थिरावला तो जपानमध्येच. त्यामागे तेथील घरांत झालेला मोठा बदल आहे. १९६८ च्या सुमारास जपानमध्ये सुमारे १८,००० सेन्तो होते. तो कळस होता. पुढे घरोघरी न्हाणीघरे झाली आणि सेन्तो एकामागून एक बंद पडत गेले. मात्र स्नानाची पद्धत तीच राहिली : आधी टबाबाहेर अंग स्वच्छ धुवायचे, मग गरम पाण्यात बराच वेळ निवांत बसायचे. हात मोकळे, डोळे मोकळे आणि बोलायला शेजारी कोणी नाही. ‘उकियोबुरो’तील सगळा गलबला ज्या जागेत भरलेला होता, ती जागा आता एका माणसाची होती.

१७/
या शांततेत फोन शिरला. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोच्या ‘आय-मोड’ सेवेने जपानी फोनवर इंटरनेट आणले. २००० साली कॅसिओने धक्का आणि पाणी सहन करणारा ‘जी-झोन’ फोन काढला. १ एप्रिल २००६ पासून ‘वन-सेग’ या सेवेद्वारे फोनवर दूरचित्रवाणी दिसू लागली आणि टबात बसून मालिका पाहणे शक्य झाले. पुढच्या काही वर्षांत वॉटरप्रूफ असणे हे जपानी फोनचे नेहमीचे वैशिष्ट्य बनले. आंघोळीत फोन वापरण्याची ग्राहकांची, विशेषतः तरुणींची, आवड हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाई. उर्वरित जगात ही सोय उशिरा पसरली : सोनीचा एक्सपीरिया झेड २०१३ मध्ये, सॅमसंगचा गॅलेक्सी एस-५ २०१४ मध्ये आणि ॲपलचा आयफोन ७ सप्टेंबर २०१६ मध्ये.

१८/
या फोनवर लिहिलेले ‘आयपी-६७’ काय सांगते? पहिला अंक धुळीचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवूनही अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. मात्र ही चाचणी साध्या, थंड पाण्यात आणि नव्या कोऱ्या फोनवर होते. गरम वाफ, साबण, शाम्पू आणि वर्षा-दोन वर्षांत झिजणाऱ्या रबरी कडा यांचा तिच्यात समावेश नाही. म्हणूनच जाहिरातीत पाण्याचे तुषार दाखवणाऱ्या कंपन्या वॉरंटीमध्ये पाण्याने झालेला बिघाड सहसा धरत नाहीत. ओल्या पडद्यावर बोट नीट का चालत नाही, याचेही उत्तर सोपे आहे : हा पडदा बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो.

१९/
खरा धोका मात्र फोनच्या आत पाणी जाण्याचा नसून फोन चार्जरला जोडलेला असण्याचा आहे. बॅटरीवरचा फोन पाण्यात पडला तर फोन जातो. सदोष चार्जर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड पाण्याच्या संपर्कात आला तर आपल्याकडील २३० व्होल्टची वीज थेट शरीरापर्यंत पोहोचू शकते. टबात चार्जिंगला लावलेला फोन वापरताना मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. व्हॉल्व्हच्या रेडिओला न्हाणीघराबाहेर ठेवणाऱ्या आजोबांचा नियम आजही तितकाच लागू आहे.

२०/
दुसरा खर्च पाण्याचा. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने शॉवरच्या प्रवाहाला मिनिटाला सुमारे ९.५ लिटरची मर्यादा घातली. त्या मर्यादेतला शॉवरही चार मिनिटांच्या एका गाण्यात ३८ लिटर पाणी सोडतो, म्हणजे साधारण दोन बादल्या. बादलीची आंघोळ बादली रिकामी झाली की संपते. शॉवरची आंघोळ गाणे संपले की संपते, आणि फोनवर पुढचे गाणे आपोआप लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या राज्याने हे दृश्य पाहिले, तेथे आंघोळीच्या करमणुकीची लांबी केवळ खासगी बाब राहत नाही.

२१/
हा सर्व प्रवास एकत्र पाहिला तर एक सूत्र हाती लागते. स्नान जोवर चारचौघांत होते, तोवर करमणूक माणसांची होती : गाणारा, विकणारा, भांडणारा, पाठ चोळणारा. स्नान भिंतीआड आणि एकट्याचे झाले, तशी ती माणसे आवाजाच्या रूपाने यंत्रातून परत आली. एन्कोल्पियसचा घसा, आकाशवाणीवरील कीर्तनकार, आजचा पॉडकास्ट सांगणारा; न्हाणीघरातील एकांत भरून काढण्यासाठी माणूस दुसऱ्या माणसाचा आवाजच शोधत आला आहे. त्यामुळे या सवयीला केवळ व्यसन म्हणणे अपुरे ठरते.

२२/
तरीही शेवटचा शब्द थोरल्या प्लिनीचा. अभ्यासाला न दिलेला प्रत्येक क्षण वाया गेला असे मानणारा, भाच्याला पायी चालू न देणारा हा माणूस गावाकडच्या मुक्कामात एका वेळेला मात्र अभ्यासापासून सूट देत असे. ती वेळ स्नानाची. भाचा तेथे मुद्दाम खुलासा करतो : स्नान म्हणजे प्रत्यक्ष पाण्यात असण्याचा वेळ; अंग पुसायला सुरुवात झाली की वाचन पुन्हा चालू. जगातील सर्व माहिती ३७ खंडांत भरू पाहणाऱ्या त्या हावऱ्या वाचकानेही पाण्यातली ती काही मिनिटे मोकळी ठेवली होती. त्या मिनिटांत तो कशाचा विचार करत असे, हे भाच्याने लिहिलेले नाही.

(समाप्त)